उमेदवार खरंच गावात राहतो का? मतदार यादीतला खोटा पत्ता शोधण्यापासून हरकतीपर्यंत, गोव्यातल्या मतदारांसाठी

पंचायत इलेक्शन जवळ आलं की कुठल्या ना कुठल्या वाड्यावर ही चर्चा सुरू होतेच. अरे हा तर पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो, मुलं पण तिकडच्याच शाळेत, इथे फक्त चवथीला नि जत्रेला दिसतो, मग याचं नाव आपल्या यादीत आलं कुठून आणि हा पंच व्हायला उभा कसा राहतो? मग छाननीच्या दिवशी चार माणसं मामलेदार कचेरीत जातात, तावातावाने बोलतात, निवडणूक अधिकारी यादी उघडून बघतो, नाव आहे म्हणतो, अर्ज वैध. सगळे घरी. व्हॉट्सॅप ग्रुपवर "सेटिंग झालं" असे मेसेज फिरतात.

बहुतेक वेळा सेटिंग वगैरे काही झालेलं नसतं हो. अधिकाऱ्याच्या हातात त्या दिवशी खरंच फारसं काही नसतं. खोट्या पत्त्याचं भांडण मतदार यादीत भांडायचं असतं, अर्ज भरायच्या कितीतरी आधी, आणि आपण नेमके ते करत नाही कारण तेव्हा इलेक्शनचा कुणाला पत्ताच नसतो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, कुठलं इलेक्शन, काय तपासायचं, कुठला फॉर्म, सुनावणीत काय विचारतात. लांब आहे, पण ज्याला खरंच करायचंय त्याला हे सगळं लागणार.

आधी बघा इलेक्शन कुठलं आहे

इथेच निम्मे लोक चुकतात. प्रत्येक इलेक्शनला राहण्याची अट वेगळी आहे आणि काही ठिकाणी तर नाहीच.

लोकसभेला देशात कुठेही मतदार असलात की उभं राहता येतं. विधानसभेला गोव्यातल्या ४० पैकी कुठल्याही मतदारसंघात नाव असलं की बाकीच्या ३९ मधून उभं राहता येतं, त्यामुळे "हा साखळीचा, मडगावात कशाला आला" हा प्रचाराचा मुद्दा होऊ शकतो, कायद्याचा नाही. राज्यसभेला तर २००३ च्या दुरुस्तीनंतर त्या राज्याचा मतदार असण्याचीही गरज उरली नाही, आणि सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये कुलदीप नय्यर केसमध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. आपले मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाले तेव्हा २०१४ ला उत्तर प्रदेशातून राज्यसभेवर गेले होते, लुईझिन फालेरो २०२१ ला पश्चिम बंगालमधून गेले. कुणाला ते आवडो न आवडो, त्यात बेकायदेशीर काही नव्हतं.

पंचायत आणि पालिका मात्र वेगळ्या. तिथे त्याच पंचायतीच्या किंवा त्याच पालिकेच्या यादीत उमेदवाराचं नाव असावं लागतं. म्हणजे सगळी पात्रता त्या एका ओळीवर लटकलेली, आणि म्हणून ती ओळ कशीही करून यादीत घुसवायचा मोह पण इथेच जास्त. एक लक्षात ठेवा, पंचायतीत नाव एका वॉर्डात आणि उमेदवारी दुसऱ्या वॉर्डात हे चालतं, त्यामुळे "आमच्या वॉर्डाचा नाही" एवढ्यावर कुणाचा अर्ज पडणार नाही. पंचायतीचाच नाही, असं असेल तर पुढे वाचा.

अजून एक घोळ म्हणजे दोन आयोग. विधानसभेची मतदार यादी भारत निवडणूक आयोगाची, गोव्यात ती मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे म्हणजे सीईओकडे. पंचायत, पालिका, झेडपी ही इलेक्शनं राज्य निवडणूक आयोग घेतो. पण राज्य आयोग घरोघरी फिरून वेगळी यादी बनवत नाही, तो विधानसभेची यादी एका ठराविक तारखेला घेतो, वॉर्डाप्रमाणे फोडतो आणि लावतो. त्या वॉर्डवार यादीवर हरकती मागवतात खऱ्या, पण त्या मुख्यतः नाव चुकून भलत्याच वॉर्डात गेलं अशा स्वरूपाच्या. माणूस इथे राहतच नाही ही हरकत मूळ विधानसभेच्या यादीवर घ्यायची, आणि ती ठराविक तारीख यायच्या आधी घ्यायची.

तारखेचा भरवसा धरू नका. २०२२ ला पंचायतींची मुदत संपली तरी इलेक्शन पुढे ढकलायचं चाललं होतं, मग हायकोर्टाने २८ जूनला ४५ दिवसांत घ्या म्हणून आदेश दिला आणि १० ऑगस्टला १८६ पंचायतींचं मतदान होऊन गेलं सुद्धा. एवढ्या दिवसांत अर्ज, नोटीस, सुनावणी, अपील हे सगळं बसवणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे संशय असेल तर इलेक्शनची वाट बघू नका, आज बसा.

कायदा कुणाला रहिवासी मानतो

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १९ म्हणतं की मतदार व्हायला त्या मतदारसंघात "सर्वसाधारण रहिवासी" असायला हवं, आणि कलम २० सांगतं की तिथे नुसतं घर मालकीचं आहे किंवा ताब्यात आहे म्हणून माणूस रहिवासी ठरत नाही. हे वाक्य गोव्यात फ्रेम करून लावण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे मूळ घर, मांगर, भाट, कोमुनिदादीचा (गावाच्या सामायिक जमिनीची जुनी संस्था) गावकार, देवळाचा महाजन, ह्या सगळ्याचा अर्थ "मी त्या गावचा" असा होतो आणि भावनेने तो बरोबर पण आहे. झोण, म्हणजे कोमुनिदादीच्या उत्पन्नातला वाटा, घ्यायचा हक्क असेल तर तो कोमुनिदादीपुरता. मतदार यादीला त्याच्याशी घेणंदेणं नाही. माणूस रोज झोपतो कुठे, हा साधा प्रश्न आहे. बेघर माणसाचं नाव घालायचं असेल तर बीएलओने (आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी) रात्री जाऊन तो खरंच तिथे झोपतो का हे बघायचं, अशी आयोगाची सूचनाच आहे, म्हणजे बघा झोपण्याला किती महत्त्व आहे.

आता ह्याची दुसरी बाजू, आणि ही नीट वाचा. त्याच कलमात लिहिलंय की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस रहिवासी असण्याचं थांबत नाही. आपल्याकडे बोटीवर जाणारे तार्वटी आहेत, कॉन्ट्रॅक्टवर सहा सहा नऊ नऊ महिने समुद्रात, बायकामुलं गावातल्या घरात, सुट्टीत परत त्याच घरात. हा माणूस इथलाच रहिवासी आहे. तो पंच म्हणून उभा राहिला तर "वर्षातले सहा महिने दिसत नाही" म्हणून हरकत घेऊ नका, पडेल आणि पडायलाच पाहिजे. गल्फमध्ये असलेला, भारतीय पासपोर्ट ठेवलेला माणूस पासपोर्टवरच्या पत्त्यावर ओव्हरसीज मतदार म्हणून फॉर्म ६ए भरून नाव घालू शकतो, ते पण कायदेशीर. पोर्तुगालमध्ये जन्मनोंद केलेल्यांचा विषय पूर्ण वेगळा, तो नागरिकत्वाचा प्रश्न, त्याचा निर्णय केंद्र सरकारकडे जातो, तो ह्या लेखात आणत नाही आणि तुम्ही पण हरकतीत दोन्ही मुद्दे एकत्र कालवू नका.

भाडेकरू. मी इथे स्पष्ट बोलतो, काही जणांना आवडणार नाही. पाच वर्षं गावात भाड्याने राहणारा, रोज सकाळी इथूनच कामाला जाणारा माणूस, मग तो बेळगावचा असो की बिहारचा, कायद्याने इथला मतदार आहे, आणि पणजीत राहून इथल्या मूळ घराला कुलूप लावलेला आपला भाऊबंद नाही. खोट्या पत्त्याची तक्रार ही "भायल्यांना काढा" मोहीम झाली की ती तिथेच मेली, कारण मग ईआरओ, म्हणजे मतदार नोंदणी अधिकारी, सगळ्याच अर्जांकडे संशयाने बघतो. तसंच मुंडकार. मुंडकाराचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत असतं, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर त्याचं नाव नसेल, कितीतरी घरांना अजून कागद झालेले नाहीत, पण चार पिढ्या तिथेच राहतायत. कागद नाही म्हणजे रहिवासी नाही असं अजिबात नाही.

मग खोटं नेमकं कुठलं? माझ्या मते तीन प्रकार परत परत दिसतात. पहिला, कुटुंबासकट शहरात राहायला गेलेला पण नाव मुद्दाम गावात ठेवलेला. दुसरा, इलेक्शनच्या आधी काही महिने नाव फिरवून आणलेला, बहुतेक कुणा नातेवाईकाच्या नाहीतर कार्यकर्त्याच्या घरनंबरावर. तिसरा आपल्या बॉर्डरवर जास्त, नाव इथे पण आणि दोडामार्ग-बांद्याला पण, किंवा काणकोणला पण आणि कारवारला पण. तिसरा पकडायला सगळ्यात सोपा, पहिला सगळ्यात अवघड.

यादी घेऊन बसा

सीईओ गोव्याच्या साईटवर किंवा आयोगाच्या मतदार पोर्टलवर तुमच्या मतदारसंघाच्या याद्या भागाप्रमाणे पीडीएफमध्ये मिळतात. आपल्या गावाचे भाग डाऊनलोड करा, प्रिंट काढा, मोबाईलवर हे काम होत नाही, डोळे जातात.

लोक काय करतात, उमेदवाराचं नाव शोधतात आणि थांबतात. तसं नका करू, घरनंबरचा कॉलम वाचा. यादी साधारण घराप्रमाणे चालते, एका घरनंबरावर एक कुटुंब, आडनाव एक, वय आजोबांपासून नातवापर्यंत. वाचता वाचता मध्येच एखाद्या घरनंबरावर वेगळंच आडनाव, वय चाळीस-पन्नास, नवराबायको दोघंच, आणि तो अनुक्रमांक भागाच्या शेवटी पुरवणीत आलेला, म्हणजे नवीन घातलेला, असं दिसलं की तिथे पेन्सिलने खूण करा. पुरवणीची पानं तर आधी वाचा, नवीन आलेली नावं आणि कमी झालेली नावं तिथेच असतात. एका छोट्या घरावर पंधरा-वीस नावं दिसली तर लगेच ओरडू नका, गोव्यात एकाच घरनंबराच्या ए, बी, एक, दोन अशा फांद्या असतात आणि यादीत त्या कधी कधी गळून पडतात, त्यामुळे कागदावर एक घर आणि जागेवर चार घरं असं होतं. जाऊन बघा.

मग जुन्या याद्या. मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या जवळ असतील तर लावून बघा, नाव कधी आलं ते कळतं. २०२५ च्या नोव्हेंबरात एसआयआर, म्हणजे मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी, सुरू झाली तेव्हा बीएलओ घरोघरी फॉर्म घेऊन फिरले, तेव्हा तो माणूस त्या घरात होता का, फॉर्म कुणी सही करून दिला, हे शेजाऱ्यांना आठवत असतं.

डबल नावासाठी पोर्टलवर नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, राज्य निवडून शोध मारा. गोवा बघून झालं की महाराष्ट्र निवडा, सावंतवाडी मतदारसंघ बघा, दोडामार्ग नि वेंगुर्ला त्यातच येतात. दक्षिणेकडचे असाल तर कर्नाटकात कारवार. स्पेलिंगचे सगळे प्रकार करून बघा, नाईक एन ए आय के पण असतो आणि एन ए वाय ए के पण. सापडलं तर दोन्हीकडचे एपिक (मतदार ओळखपत्राचे) नंबर, भाग क्रमांक, अनुक्रमांक लिहून ठेवा आणि स्क्रीनशॉट घ्या. कलम १७ प्रमाणे एका माणसाचं नाव एकापेक्षा जास्त मतदारसंघांत असता कामा नये, इथे राहतो की नाही ह्या वादात शिरायची गरजच पडत नाही, म्हणून हा मुद्दा हातात असेल तर तोच पुढे करा.

कागद कुठून आणायचे

पुरावा म्हणजे काय तर असा कागद जो तुम्ही कायदेशीर मार्गाने मिळवलाय आणि ज्यावर तारीख आहे. कुणाच्या घराचे फोटो काढत फिरणं, रात्री गाडी उभी आहे का बघायला पाळत ठेवणं, वीज खात्यातल्या ओळखीच्या माणसाकडून बिल काढून आणणं, हे नको. एक तर अडचणीत याल, वर तो कागद दाखवताना कुठून आणला सांगता येणार नाही.

सगळ्यात भारी कागद बऱ्याच जणांना माहीतच नाही. माणूस नाव घालायला फॉर्म ६ किंवा पत्ता बदलून आणायला फॉर्म ८ भरतो, त्यात स्वतःच्या सहीने लिहून देतो की मी अमुक तारखेपासून इथे राहतो आणि खोटं असेल तर शिक्षा होऊ शकते हे मला माहीत आहे. १९६० च्या मतदार नोंदणी नियमांतला नियम ३३ प्रमाणे हे कागद बघायचा आणि फी भरून साक्षांकित प्रत घ्यायचा हक्क कुणालाही आहे. ईआरओकडे साधा अर्ज करा, त्यात "नियम ३३" शब्द लिहा. फोन नंबर वगैरे झाकून देतील, हरकत नाही, आपल्याला सही, तारीख आणि पत्ता हवाय.

दुसरा, त्याची जुनी शपथपत्रं. माणूस आधी कधी विधानसभेला उभा राहिला असेल तर आयोगाच्या साईटवर त्याचं फॉर्म २६ चं शपथपत्र असतं, त्यात पत्ता, कुठल्या मतदारसंघात नाव आहे ते, कुठे फ्लॅट, कुठे घर, सगळं त्याने स्वतः लिहिलेलं. दोन वर्षांपूर्वी म्हापशाचा पत्ता आणि आज गावातला घरनंबर, मधल्या काळात नक्की काय बदललं हे विचारायला जागा मिळते.

तिसरा, पंचायतीतलं घरपट्टीचं रजिस्टर. ज्या घरनंबरावर नाव घातलंय ते घर कुणाच्या नावावर आहे, घर अस्तित्वात तरी आहे का, की पडून गेलेल्या घराचा नंबर वापरलाय. सेक्रेटरीकडे बघायला मागा, नाही दिलं तर आरटीआय टाका, पण आरटीआयला ३० दिवस जाऊ शकतात, म्हणून मघाशी म्हटलं आजच बसा. वीज-पाण्याच्या बिलासारखी खासगी माहिती आरटीआयमध्ये मिळेल ही आशा ठेवू नका, ती सुनावणीत ईआरओलाच मागवायला सांगायची.

आणि शेजारी. दोन शेजाऱ्यांनी लेखी दिलं की हे घर अमुक काळापासून बंद आहे किंवा इथे फक्त म्हातारी आई राहते, तर त्याला वजन आहे, कागदापेक्षा जास्त कधी कधी. पण गाव लहान असतं, उद्या त्याच माणसाकडे दाखल्याला जायचं असतं, त्यामुळे तोंडी सगळे सांगतात आणि सहीच्या वेळी पाठ फिरवतात. कुणावर जबरदस्ती करू नका. सही नाही दिली तरी बीएलओ आला की खरं सांगा एवढंच मागा.

फॉर्म ७ भरताना

हरकतीचा फॉर्म म्हणजे फॉर्म ७. तो त्याच विधानसभा मतदारसंघाच्या यादीत ज्याचं स्वतःचं नाव आहे तोच भरू शकतो, म्हणजे पेडण्याच्या माणसाने कुडचड्याच्या यादीवर हरकत घ्यायची नाही. ऑनलाईन भरता येतो, बीएलओकडे किंवा ईआरओच्या ऑफिसात कागदावर देता येतो. मी म्हणेन कागदावर द्या, वेगळं पत्र आणि पुरावे जोडा, पोच घ्या, पोचेवर तारीख-शिक्का बघूनच बाहेर पडा.

फॉर्ममध्ये तुमचं नाव-एपिक, ज्याच्यावर हरकत त्याचं नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक, आणि कारणाचे पर्याय असतात, मृत, वय कमी, गैरहजर किंवा कायमचं स्थलांतर, दुसरीकडे नोंद आहे, नागरिक नाही. आपल्याला बहुतेक स्थलांतराचा किंवा दुसरीकडे नोंद असल्याचा पर्याय. पत्रात भाषा कोरडी ठेवा. "हा भ्रष्टाचारी असून जनतेची फसवणूक करतो" असली वाक्यं काढून टाका, त्याजागी "अनुक्रमांक अमुक, घर क्रमांक अमुक, सदर घर अमुक महिन्यापासून बंद, शेजाऱ्यांची निवेदनं जोडली आहेत, सदर व्यक्ती कुटुंबासह अमुक ठिकाणी राहते, तिच्या अमुक तारखेच्या शपथपत्रात तसा पत्ता आहे" असं. अर्धं पान पुरे.

खाली सही करण्याआधी तिथलं डिक्लरेशन वाचा. कलम ३१ प्रमाणे खोटं डिक्लरेशन दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि हे फॉर्म ६ खोटा भरणाऱ्याला जसं लागू तसंच फॉर्म ७ खोटा भरणाऱ्याला पण. कुणीतरी पुढाऱ्याने भरलेले फॉर्म आणून "फक्त इथे सही कर रे" म्हटलं तर करू नका, नाव तुमचं जातं. गठ्ठ्याने आणलेले फॉर्म ऑफिसात तसेही घेत नाहीत.

अजून एक खिडकी आहे जी फार थोडे वापरतात. यादी अंतिम झाल्यावर कुणी नाव घालायला अर्ज केला तर ईआरओला त्याची नोटीस ऑफिसात लावावी लागते आणि ७ दिवस हरकतीसाठी ठेवावे लागतात. अशा अर्जांच्या याद्या, फॉर्म ९ वगैरे, सीईओच्या साईटवर पण येतात. इलेक्शनच्या आधीच्या वर्षात गावातल्या कुणीतरी एकाने ह्या याद्या दर आठवड्याला बघायचं काम अंगावर घ्या. नाव यादीत शिरल्यावर काढणं आणि शिरतानाच अडवणं ह्यात फार फरक आहे, शिरताना अडवलं तर मी इथेच राहतो हे दाखवायचं ओझं त्याच्यावर, काढायचं म्हटलं की सगळं ओझं तुमच्यावर.

सुनावणीत काय होतं

फॉर्म दिला की बीएलओ घरी जाऊन बघतो आणि रिपोर्ट देतो. नाव काढायचं असेल तर समोरच्याला बोलायची संधी द्यावीच लागते, त्यामुळे नोटीस निघते आणि तारीख लागते. गोव्यात ईआरओ बहुतेक ठिकाणी उपजिल्हाधिकारी असतो, मामलेदार त्याचे सहाय्यक.

तारखेला जा. म्हणजे जाच. काम आहे, लग्न आहे, बॉस सोडत नाही, काही चालत नाही, कारण नियमात असं आहे की ज्याने ईआरओसमोर आपलं म्हणणं मांडायचा हक्क वापरलाच नाही त्याला पुढे अपील करता येत नाही. अगदीच जमत नसेल तर आदल्या दिवशी लेखी म्हणणं देऊन पोच घ्या. समोरची पार्टी वकील घेऊन येते आणि तुम्ही आलाच नाहीत तर पाच मिनिटांत फाईल बंद.

आत काय विचारतात ते सांगतो म्हणजे तयारी होईल. पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला, "तुम्हाला कसं माहीत तो तिथे राहत नाही?" ह्याला "सगळ्या गावाला माहीत आहे" हे उत्तर नाही. "साहेब, माझं घर त्याच वाटेवर आहे, मी रोज सकाळी तिथून जातो, गेटला कुलूप असतं, अंगणात पाचोळा पडलाय, चवथीच्या पाच दिवसांत तेवढं उघडतं" हे उत्तर आहे. म्हणजे स्वतः बघितलेलं सांगा, ऐकलेलं नाही. दुसरा प्रश्न, मग तो राहतो कुठे? ह्याला पत्ता पाहिजे, नुसतं "पणजीत कुठेतरी" चालत नाही, निदान त्याच्या स्वतःच्या शपथपत्रातला पत्ता दाखवा. मग समोरचा आधार कार्ड काढतो, त्यावर गावचा पत्ता असतो. घाबरू नका, आधारवरचा पत्ता बदलून घेणं फार कठीण नाही आणि त्यावरून तो तिथे झोपतो हे सिद्ध होत नाही. अशा वेळी ईआरओला लेखी विनंती करा की त्या घराची मागच्या बारा महिन्यांची वीज बिलं समोरच्याकडून मागवा. राहत्या घरात फ्रिज चालतो, पंखा चालतो, युनिट दिसतात. बंद घराचं बिल बघितल्या बघितल्या कळतं.

समोरचा म्हणेल, आई इथे आहे, मी तिला बघायला शनिवार-रविवार येतो. हे खरं असू शकतं आणि इथे निकाल कुठेही जाऊ शकतो, प्रामाणिकपणे सांगतो. ईआरओ एकूण चित्र बघतो, बायको-मुलं कुठे, नोकरी-धंदा कुठे, सामान कुठे. अशा केसमध्ये हरलात तर ते मनाला लावून घेऊ नका, आणि माणसं फितवली गेली असंही लगेच म्हणू नका.

बाहेर पडल्यावर पोस्ट टाकायची खाज येते. "हरकत दाखल केली आहे, सुनावणी झाली" एवढं लिहा. "चोर", "फ्रॉड", घराचा फोटो, बायकोचं ऑफिस, मुलांची शाळा, हे लिहिलंत तर बदनामीची केस तुमच्यावर येईल आणि मूळ मुद्दा बाजूला राहील.

निकाल विरुद्ध गेला तर

ऑर्डरची प्रत मागून घ्या. पहिलं अपील जिल्हाधिकाऱ्याकडे, १५ दिवसांत. तिथल्या निर्णयावर दुसरं अपील मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत. अपिलात नवीन गोष्टी रचत बसू नका, ईआरओने कुठला पुरावा बघितलाच नाही किंवा बिलं मागवली नाहीत एवढं नेमकं दाखवा.

एक भिंत मात्र आहे. विधानसभा-लोकसभेला अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की इलेक्शन पूर्ण होईपर्यंत यादीत नाव घालता पण येत नाही आणि काढता पण येत नाही, हे कलम २३ मध्येच आहे. पंचायतीला तर राज्य आयोगाने यादी घेतली ती तारीखच भिंत समजा. अपील चालू आहे म्हणून इलेक्शन थांबत नाही.

छाननीच्या दिवशी पोचलात तर

सगळी मुदत निघून गेलीय आणि तुम्हाला आजच कळलंय, तर काय होऊ शकतं ते सांगतो, फार आशा लावू नका.

विधानसभेला छाननीत यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत हाच माणूस मतदार असल्याचा निर्णायक पुरावा मानतात. ती नोंद चुकीची घातली होती का हे निवडणूक अधिकारी खणत बसत नाही. आणि नंतर इलेक्शन पिटिशनमध्ये (निकालाला आव्हान देणारी कोर्टातली याचिका) काढू म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने १९७३ मध्ये हरिप्रसाद त्रिवेदी विरुद्ध व्ही. बी. राजू ह्या केसमध्ये सांगून ठेवलंय की नाव अंतिम यादीत आलं की माणूस खरोखर तिथला सर्वसाधारण रहिवासी होता का, हा वाद पिटिशनमध्ये उघडता येत नाही. त्यामुळेच मी वरती एवढा यादी-यादी करत होतो.

तरी छाननीला काय तपासता येतं? यादीतलं नाव, वय, अनुक्रमांक अर्जाशी जुळतो का, नाव खरंच त्याच पंचायतीच्या यादीत आहे का, शपथपत्रातल्या जागा कोऱ्या सोडल्यात का. आत सोडतात ते उमेदवार, त्याचा एजंट, एखादा प्रस्तावक आणि लेखी नेमलेला माणूस, त्यामुळे तुम्ही साधे मतदार असाल तर दुसऱ्या कुठल्या उमेदवारामार्फतच मुद्दा मांडता येईल. लेखी मांडा आणि त्यावर लेखी निर्णय मागा. शपथपत्रात पत्ता किंवा मालमत्ता खोटी लिहिली असेल तर विधानसभा-लोकसभेसाठी १९५१ च्या कायद्याचं कलम १२५ए आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्याने लगेच उमेदवारी जात नाही, पण तक्रार नोंदवून ठेवा.

इलेक्शन चालू असताना रिट घेऊन धावू नका. घटनेचं कलम २४३-ओ पंचायतीसाठी आणि २४३-झेडजी पालिकेसाठी सांगतं की निवडणुकीला आव्हान फक्त इलेक्शन पिटिशननेच. विधानसभेची पिटिशन निकालापासून ४५ दिवसांत हायकोर्टात, म्हणजे आपल्या पर्वरीला. पंचायत-पालिकेची त्या त्या कायद्याप्रमाणे वेगळी जागा आणि वेगळी मुदत, म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी वकिलाकडे जा, आठवड्याने नको. आणि त्याला पहिला प्रश्न हाच विचारा की आपला मुद्दा पात्रतेचा आहे की यादीतल्या नोंदीचा, कारण यादीतल्या नोंदीचा असेल तर चांगला वकील तुम्हाला फी घ्यायच्या आधीच सांगेल की ह्यात काही होणार नाही.

तो माणूस निवडून आला तरी फॉर्म ७ ची वाट बंद होत नाही. इलेक्शन आटोपलं की यादी परत उघडते, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आता पात्रतेला धरतात आणि त्यामुळे वर्षभर अर्ज चालूच असतात. तेव्हाचे कागद, शेजाऱ्यांची निवेदनं, पोच, सगळं एका फाईलीत ठेवलेलं असेल तर पुढच्या वेळी फक्त तारखा नवीन घालायच्या आणि परत द्यायचं.